टोचणीचा पंधरवडा

त्या राज्यात दर साली वारा एकदा दिशा बदलत असे, आणि वाऱ्यामागून खोकला येत असे. नदीवर वाकलेल्या बाभळीवर घरटी विणायला शिकवणारं एक विद्यालय होतं. शिकणारी पाखरं तीनशे, शिकवणारे सुगरण पक्षी वीस, आणि सगळे पंखाला पंख लावून बसणारे. सकाळी एकाला शिंक आली की संध्याकाळपर्यंत अख्खी फांदी शिंकत असे.

म्हणून विद्यालयाने बुंध्याशी एक सायाळ नेमली होती. आपल्या अंगावरचा काटा काढून तो कडू रसात बुडवायचा आणि पंखाखाली टोचायचा, दर पाखराला नवा काटा, हे तिचं काम. रस अंगात भिनायला पंधरा दिवस लागत, त्यामुळे वारा फिरण्याआधी सगळं उरकावं लागे.

"यंदा एकही शिल्लक राहता कामा नये," असं मुख्याध्यापक धनेशाने शेंड्यावरून फर्मावलं. उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जात होतं? धावायचं होतं सायाळीने.

विद्यार्थ्यांचं तीन दिवसांत झालं. दूरदेशची काही पाखरं नाक ओढतच आली होती. त्यांनाही तिने जवळ घेतलं, चुचकारलं आणि टोचलं. घोडं अडलं ते शिक्षकांपाशी.

तिथली रीत अशी की टोचणी सर्वांदेखत व्हायची, म्हणजे लहानांना धीर येतो. लहान रडत होते तेव्हा शिक्षक वरच्या फांदीवरून म्हणाले होते, "बाभळीवर राहायचं आणि काट्याला भ्यायचं?" आता एवढं बोलून बसल्यावर त्याच पोरांसमोर कोण कळवळणार? मग एकाला परीक्षा आठवली, एकाचा पंख आधीच दुखत होता, एकाने तर गेल्या वर्षीचा रस अजून अंगात आहे असं ठोकून दिलं. सायाळ म्हणाली, "बुंध्याआड या, कुणी बघणार नाही." त्यावर सगळे फणकारले, "आड यायला आम्ही काय चोरी केली आहे?"

शेवटी त्यांनी एक तोडगा काढला. गुरुजींनी टोचून घेतलं की आम्ही घेऊ.

गुरुजी म्हणजे घरटं फांदीला बांधायची पहिली गाठ शिकवणारे. फार म्हातारे, छातीत सतत शिट्टी वाजायची. गेल्या खोकल्यात ते जेमतेम वाचले होते, आणि यंदा खोकला आला तर ते राहणार नाहीत हे सायाळीला पक्कं ठाऊक होतं. तिचा त्यांच्यावर जीव होता. तिला अन्न गोड लागेना. सकाळ-संध्याकाळ ती त्यांच्या खालच्या फांदीजवळच्या खोडक्यावर चढे आणि, गुरुजींना कमी ऐकू येई म्हणून, अगदी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारी, "गुरुजी, आज?"

"आज गाठ शिकवायची आहे, बाई. उद्या बघू."

उद्याचा परवा झाला. ती रागावली, विनवू लागली, एकदा तर रडलीसुद्धा. सातव्या दिवशी तिचा घसा खवखवू लागला. कानाशी ओरडून ओरडून बसला असेल, असं म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही.

दहाव्या दिवशी गुरुजी हळूच म्हणाले, "खरं सांगू, बाई? मला भीती वाटते. पोरांसमोर डोळ्यांत पाणी आलं तर?"

"येऊ द्या," सायाळ म्हणाली. "पाणी आलेले गुरुजी मला चालतील. नसलेले चालणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी गुरुजी खाली उतरले. त्यांच्यामागे एकोणीस शिक्षक मुकाट्याने रांगेत लागले. वारा अजून फिरला नव्हता. फांद्याफांद्यांवरून तीनशे पाखरं पाहत होती. सायाळीला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

गुरुजींनी डोळे मिटून पंख उचलला. सायाळीने काटा रसात बुडवला, पुढे झुकली, आणि तिला शिंक आली. मग दुसरी. मग असा खोकला लागला की काटा खाली ठेवावा लागला.

रांग दोन पावलं मागे सरली. गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी टोचलं?"

सायाळीने वर शेंड्याकडे पाहिलं. धनेश चोच पुसत होता. मग ती मनातल्या मनात मागे जाऊ लागली. काल संध्याकाळ, काल सकाळ, परवा. घसा खवखवू लागला तो दिवस. दर वेळी खोडक्यावर चढून गुरुजींच्या कानाशी नेलेलं आपलं तोंड.

गुरुजींच्या छातीतली शिट्टी आज जरा मोठ्याने वाजत होती. पंख तसाच उचललेला होता. सायाळीचं सगळं अंग शहारलं आणि पाठीवरचे शेकडो काटे एकदम उभे राहिले. सगळ्यांची टोकं बाहेर होती.