गुळवेल अधांतरी का रुजते

ओषधी अजून देवांच्याच हाती होत्या, त्या कृतयुगाच्या आरंभी नर्मदेच्या उत्तरतीरी मेधसार नावाच्या महातपस्व्याचा आश्रम होता. निंब-कदंबांच्या घनदाट छायेत हरिणे निःशंक पहुडत. चैन नसे ती एकट्या मुनिवरांना! आसनावर बसले की उठत, उठले की येरझारा घालत. शिष्यांना ध्यान कसले लागणार, डोंबल!

अशात त्यांची पत्नी ऋजुला दारुण ज्वराने अंथरुणाला खिळली. मुनींनी ओषधिपती सोमाला आळवले. प्रसन्न होऊन सोमाने हृदयाकार पानांची एक मधुर वेल अंगणात लावली. "हिच्यात अमृत आहे. हिची पाने पत्नीला दे आणि धीर धर," असे सांगून तो अंतर्धान पावला.

धीर? तोच तर मुनींपाशी नव्हता! पाने देऊनही सायंकाळपर्यंत ताप हटेना, तेव्हा अमृत दडले आहे तरी कुठे हे पाहण्यासाठी त्यांनी वेल मुळासकट उपटली, पापुद्र्यासारखी साल सोलली, खोडाचे आडवे काप केले. आत चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा तेवढ्या दिसल्या. हताश होऊन त्यांनी उरलेले खोड निंबावर भिरकावले.

"स्वामी, औषधाचाच जीव घेतलात! आता मी कुणाच्या आशेवर जगू?" ऋजुला ढसाढसा रडू लागली.

तत्क्षणी सोम प्रकटला. "मूढा! माझ्या दानाची चिरफाड केलीस? ही वेल यापुढे कडूजहर होईल!"

मुनी त्याच्या पायांवर कोसळले. "शाप मला दे, देवा! माझ्या पत्नीचा काय अपराध?"

सोमाला दया आली. "ते काप ठेचून पाण्यात कुस्कर, गाळून ठेव. तळाशी शुभ्र सत्त्व बसेल, तेच हिला वाचवील. मात्र निवळेपर्यंत तू पात्राजवळून हललास, तर सत्त्व विरून जाईल."

मेधसार बसले. पाय वळवळले, हात शिवशिवले, ऋजुला कण्हली तेव्हा काळजाचे पाणी झाले. पण ते हलले नाहीत. पाणी निवळले, तळाशी पांढरा थर दिसला. तो चाटवताच ऋजुलेला दरदरून घाम फुटला, ताप उतरला.

"भूक लागली," ती म्हणाली. मग डोळे विस्फारून म्हणाली, "अगबाई, आणि आपण चक्क बसून होतात?"

"त्याची अस्वस्थता मी काढून घेतली," सोम हसला, "आणि तिकडे ठेवली." त्याने निंबाकडे बोट दाखवले.

तेव्हापासून तोडलेली गुळवेल सहजासहजी मरत नाही. झाडावर भिरकावलेला तुकडाही दोऱ्यासारखी मुळे अधांतरी सोडतो, आणि माती लागेपर्यंत त्यांना चैन पडत नाही.