काहिलीची साक्ष

फार मागची गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका. इतकी मागची, की त्या गावाचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

नदीकाठी ख्रिस्ती माणसांचं एक लहानसं गाव होतं. चहूकडे ऊस, मधोमध प्रार्थनेचं कौलारू देऊळ, आणि दूर नदीच्या अंगाला साऱ्या गावाचं मिळून एकच गुऱ्हाळ. थंडी पडली की घरोघरचा ऊस पाळीपाळीनं तिथं यायचा. बैल चरकाभोवती फिरायचे, चुलवणावर भल्यामोठ्या लोखंडी काहिलीत रस उकळायचा, आणि त्याचा वास! अहाहा, काय सांगू! आता गूळ मिळतो, पण तो वास काही मिळत नाही.

त्या गावाची एक चाल होती. शनिवारी संध्याकाळी लहानथोर सगळे गुऱ्हाळावर जमायचे. रविवार प्रभूचा, त्या दिवशी काम नाही, म्हणून चुलवण विझवायचं. पण त्याआधी गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या तबिथाआत्यानं देवाच्या दहा आज्ञा सांगायच्या आणि बाकीच्यांनी तिच्यामागून म्हणायच्या. आठवड्यात कोणाचं कोणाशी वावगं झालं असेल, तर त्यानं तिथंच उठून कबूल करायचं आणि निस्तरायचं. मग निखाऱ्यांवर पाणी पडायचं, पोरं काहिलीची खरवड चाटत बसायची, आणि मोठी माणसं हलक्या मनानं घरी जायची. कसले दिवस होते हो ते!

त्याच गावात शांतवन नावाचा एक गडी होता. गळा असा गोड, की तो देवळात गायला लागला की बाहेरची गुरंही थबकायची. प्रभूवर त्याचा जीव होता, त्यात खोट नव्हती. पण एका शनिवारी तो भुकेला होता, थकलेला होता, आणि आत्यानं आज्ञा सुरू करताच तो म्हणाला, “आत्या, आपलं तारण कृपेनं झालंय. मग दर आठवड्याला ही घोकंपट्टी कशापायी? प्रभूवर प्रीती असली म्हणजे झालं की!”

लोकांना हे फार पटलं. पटणारच, सगळ्यांनाच भुका लागल्या होत्या!

आत्या तेवढी म्हणाली, “प्रीती असली म्हणजे झालं, खरंय बाबा. पण ती करायची कशी, हे तुला कोण सांगणार?”

पण लोक केव्हाच घराकडे वळले होते. चाल मोडली. पहिले काही शनिवार आत्या एकटीच गुऱ्हाळावर येऊन बसायची. मग तीही आपल्या ओट्यावरच बसून म्हणू लागली. नवी पोरं गाणी झकास म्हणत. आज्ञा किती, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

अशी वर्षं गेली. एका हंगामात शांतवनाचा शेजारी हनोख याचा गूळ असा उतरला, की बाजारात लोक त्याच्याच ढेपा हुडकू लागले. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले. तरी शांतवनाच्या पोटात दुखू लागलं. सोमवारी त्याची पाळी होती, मंगळवारी बाजार; एका दिवसात अशा किती ढेपा निघणार? त्याच्या मनात आलं, रविवारीच एक काहीलभर गूळ उतरवून ठेवला, तर आपल्याही ढेपा हनोखच्या बरोबरीनं मांडता येतील. एका रविवारानं काय बिघडतंय?

शनिवारी हनोखची पाळी संपली. रीतीप्रमाणे शांतवनानं काहील घासूनपुसून, चारी बाजूंनी पाहून ताब्यात घेतली. रविवारी पहाटेच त्यानं बैल जुंपले, रस काढला आणि चुलवण पेटवलं. देवळाची घंटा वाजली, तेव्हा रस नुसता कोमट होता. ‘प्रार्थना आटोपून येतोच,’ म्हणत तो गेला. आता पाळकांनी नेमका त्याच दिवशी उपदेश लांबवला! शांतवन धावत परतला तेव्हा रस आटून कोळसा झाला होता आणि काहिलीचं बूड लालबुंद. त्यानं घाबरून गार पाण्याची घागर ओतली, तशी काहील तडकन उलली.

त्यानं घाईघाईनं सगळं साफ केलं आणि मुकाट घर गाठलं.

सोमवारी गूळ उतरवणाऱ्या गुळव्यानं काहील पाहिली आणि बोंब ठोकली. पंच जमले. रविवारी गुऱ्हाळावर कोणी काम करील, हे कोणाच्या डोक्यातही येईना. शेवटची पाळी हनोखची, म्हणून बोट त्याच्याकडे गेलं. गावचा नियम असा होता, की काहील फोडणाऱ्यानं नवी आणायची, तोवर त्याला गुऱ्हाळात पाळी नाही. हनोखपाशी एका बैलजोडीशिवाय विकण्यासारखं काही नव्हतं. बैल विकले तर शेती बुडणार, न विकले तर उभा ऊस वाळणार.

“अहो, काहील धड होती!” हनोख कळवळून म्हणाला. “शांतवनानं ताब्यात घेतली ना? त्यालाच विचारा. शांतवन, सांग की रे!”

शांतवनानं खाली पाहिलं. “मी घेतली तेव्हा... भेग होती,” तो म्हणाला.

हनोख त्याच्याकडे पाहतच राहिला. मग उठून घरी गेला. बैल विकले गेले. नवी काहील आली. पण बैलांवाचून त्या गावात राहायचं कसं? येत्या रविवारच्या प्रार्थनेनंतर बायकोच्या माहेरी निघून जायचं, असं हनोखनं ठरवलं.

शनिवारी संध्याकाळी शांतवनाचा पाय घरात ठरेना. फिरत फिरत तो आत्याच्या ओट्याशी आला. ती आपली आज्ञा म्हणत होती.

“ये, बस,” ती म्हणाली. “लई वर्षांनी आलास. म्हण माझ्यामागून.”

तो म्हणू लागला. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पवित्र पाळ, हे म्हणताना त्याची जीभ अडखळली. आठवीपर्यंत तो कसाबसा पोचला. नववीला आत्या गप्प बसली. “ही तू सांग.”

त्याला आठवेना. लहानपणीही ही आज्ञा त्याला कधी आठवत नसे, आणि दर वेळी शेजारी बसलेला हनोख कोपरानं ढोसून हळूच त्याच्या कानात ती सांगायचा. तो हनोखचा आवाजच त्याला आता ऐकू आला: शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको.

शांतवन ढसाढसा रडला. सगळं सांगून टाकलं. “आत्या, मी प्रभूवर प्रीती करतो गं! मग माझ्या हातून असं झालंच कसं?”

“शेजाऱ्याचा हेवा केलास, त्यापायी रविवार मोडलास, तो झाकायला खोटं बोललास. दर शनिवारी स्वतःला विचारलं असतंस, तर पहिल्या पायरीवरच थांबला असतास,” आत्या म्हणाली. “कृपा आहे रे बाबा, अजूनही आहे. पण माफी कशाची मागायची, हे तर आज्ञेवाचून कळत नाही! आता इथं रडत बसू नको. ज्याचं नुकसान केलंस, त्याच्याकडे जा.”

रविवारी देवळात शांतवन उभा राहिला. लोकांना वाटलं, गाणं म्हणणार. त्यानं गाणं म्हटलं नाही. जे केलं होतं ते सांगितलं. मग आपल्या बैलजोडीचा कासरा आणून हनोखच्या हातात दिला. नव्या काहिलीचा खर्चही आपल्या माथी घेतला.

हनोखच्या बायकोनं बांधलेली बोचकी सोडली. हनोखनं कासरा घेतला. मग म्हणाला, “बैलांचं एवढं नव्हतं रे. पंचांपुढं तुझ्या तोंडून ते खोटं ऐकलं, तेव्हा मला वाटलं, माझं ह्या गावात कोणीच नाही.” शांतवनाला मान वर करवली नाही.

तो खर्च फिटेपर्यंत हंगाम सरला, म्हणून गावच्या नियमानं त्या वर्षी शांतवनाला गुऱ्हाळात पाळी मिळाली नाही. त्याच्या उसाला तुरे आले आणि तो जागच्या जागी वाळला. त्यानं तक्रार केली नाही. पण त्या रविवारानंतरच्या पहिल्याच शनिवारी चुलवण विझवण्याआधी साऱ्या गावानं आत्याला हाताला धरून गुऱ्हाळावर आणलं, आणि सगळ्यांत पुढं शांतवन बसला.

तर मंडळी, सांगायचं ते एवढंच: प्रभूवर प्रीती करतो म्हणणाऱ्यानं त्याच्या आज्ञा जाणाव्यात आणि पाळाव्यात, कारण ज्याला आज्ञा ठाऊक नाही, त्याला आपण शेजाऱ्याचं घर कधी मोडलं तेही कळत नाही.