उरलेली धावपट्टी

कॅप्टन शिरगावकरांपुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. निवृत्तीच्या दिवशी, शेवटच्या उड्डाणाला ते गुरगुरले, "उशीर झालाय. धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला नको, मधल्या वळणावरूनच आत शिरून उडू. चांगली तीन हजार मीटरची धावपट्टी आहे!"

सहवैमानिक ऋजुताने नकाशातल्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं. "सर, त्या वळणापासून पुढे सतराशेच उरते. आपल्याला दोन हजार लागतात."

"पस्तीस वर्षं विमान उडवतोय मी. मला शिकवतेस?"

"नाही सर," ती हळूच म्हणाली. "पण पस्तीस वर्षांतलं आता एकच उड्डाण उरलंय ना? धावपट्टीचंही तसंच आहे. हिशेब उरलेल्याचाच करायचा."

कॅप्टन विमान टोकाकडे नेत पुटपुटले, "बरोबर आहे. शेवटची धावपट्टी तेवढीच जरा जास्त मिळेल मला."