भरतीच्या वेळची हाक

फार फार जुनी गोष्ट आहे, लहानथोर सगळ्यांनी ऐकण्यासारखी. एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाला राजाचा जाच नव्हता की चोराचिलटांचं भय नव्हतं. होती ती फक्त एक म्हण, आणि तिनेच गावाला जेवढं गांजलं तेवढं कुण्या राजानेही गांजलं नसतं. म्हण अशी: बाईचा आवाज उंबऱ्याआत, बाप्याचं दुखणं ओठाआत.

या गावात चिमा नावाची एक बाई सून होऊन आली. माहेरी तिचा आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या काठावर चरणारी गुरं तिच्या एका हाकेसरशी माघारी वळत. पण मुलगी पाहायला पाहुणे यायचे ठरले आणि आईला घोर लागला. या गावची रीतच तशी होती. मुलीला अंगणाच्या टोकाला बसवत, ओटीवरून नाव विचारत, आणि तिचं उत्तर ओटीपर्यंत ऐकू आलं, तर पाहुणे गूळपाणी न घेताच उठत. म्हणून आईनं चिमाला ओठांवर पदर धरून बोलायला शिकवलं. चिमा हुशार, लवकर शिकली. लग्न जमलं.

नवरा भला मिळाला. भिवा त्याचं नाव. लहानपणी उंडीच्या झाडावरून पडून त्याचा हात मोडला होता, आणि त्यानं हूं की चूं केलं नव्हतं. हाड वाकडं जुळलं. गावानं मात्र त्याची पाठ थोपटली, पोर असावं तर असं म्हणून. तो हात पावसाळी हवेत ठणकतो, हे भिवानं जन्मात एकट्या चिमाला सांगितलं होतं, तेही दार लोटून घेऊन. चिमा त्या हाताला गरम तेल चोळायची. दोघं एकमेकांशी हळू आवाजात खूप बोलत, आणि सुखात होते.

दरसाल सुगी झाली की गावात एक कथेकरी येई. एका वीराची कथा तो फार रंगवून सांगे. मांडीत बाण रुतलेला असताना तो वीर आईच्या हातचं पोटभर जेवला, आणि आईला कळूही दिलं नाही. मग त्या वीराच्या बायकोची कथा येई. घराला आग लागली, तरी आपला आवाज परपुरुषाच्या कानी पडू नये म्हणून ती आतच बसून राहिली. लोक माना डोलावत. धन्य ती, म्हणत. अहो, जळाली बिचारी, असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही!

एके दिवशी ओहोटीला भिवा टोपली घेऊन खाडीत उतरला, तिसऱ्या, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला. ओळखीचाच चिखल, पण त्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर दुसरा मांडीपर्यंत रुतला. समोरच्या धक्क्यावर गावातले बाप्ये खाडीकडे पाठ करून होड्यांना तेल लावत बसले होते. एक हाक मारली असती तर धावत आले असते. भिवानं मारली नाही. चिखलात अडकून ओरडला, असं लोक उद्या म्हणतील, त्यापेक्षा आपलं आपण निघू, असा विचार त्यानं केला.

न्याहारी घेऊन चिमा बांधावर आली तेव्हा तो कमरेपर्यंत आत होता. कुणाला सांगू नकोस, निघेन मी, असं तो तिलाही म्हणाला. तिनं बांबू पुढे केला, लुगड्याचा पदर टाकला, हात सोलेपर्यंत ओढलं. माणूस काही हलेना. आणि मग पाणी फिरलं. भरतीची पहिली लाट त्याच्या छातीला लागली, तेव्हा भिवा हळूच म्हणाला, "चिमे, कुणाला तरी बोलाव गं. मला भीती वाटतेय."

चिमानं धक्क्याकडे तोंड केलं आणि सगळा जीव गोळा करून तोंड उघडलं. आवाज फुटेना. घशातून नुसता वारा आला. इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज ऐनवेळी कुठून यावा?

मग ती धावली. बांध लांबचा, वळणाचा. धक्क्यावर पोचली, तर तिथे गावचा कारभार पाहणारा म्हातारा मुखत्यार बसलेला. थोरांनी विचारल्याशिवाय सुनेनं बोलायचं नाही. ती होडीआड उभी राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, काय गं, काय हवंय? नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाही. पदराआडून ती कशीबशी पुटपुटली, "घरचे... चिखलात..." मुखत्याराला वाटलं, नवऱ्याचा ठावठिकाणा सांगतेय. तो म्हणाला, असू दे, तिसऱ्या काढायला गेला असेल, येईल. आणि तो परत होडीकडे वळला. तेव्हा चिमानं होडीच्या फळीवर कपाळ आपटलं. रक्त पाहिल्यावर मंडळींना कळलं, की हे काहीतरी वेगळं आहे. सगळे धावले.

खाडीत पाणी चढलं होतं. त्यावर भिवाची रिकामी टोपली तेवढी तरंगत होती.

पुढच्या ओहोटीला भिवाचं प्रेत हाती लागलं. दिवसकार्य झालं. दुखवट्याच्या घरी चार शब्द सांगावेत म्हणून कथेकरी आला. अंगणात बाप्ये बसले, पडवीत बायका. कथेकऱ्यानं नवी कथा बांधून आणली होती. केवढा तो पुरुष, म्हणाला, मरण छातीला लागलं तरी हाक मारली नाही. आणि केवढी ती पतिव्रता, कपाळ फोडून घेतलं, पण आवाज चढवला नाही. लोकांच्या माना डोलू लागल्या. कुणीतरी म्हणालंही, धन्य, धन्य.

चिमा पडवीतून उठली. तिच्या डोळ्यांपुढे तो चिखल होता आणि ते पाणी. ती अंगणाच्या मधोमध आली, डोक्यावरचा पदर खाली पडू दिला, आणि ओरडली,

"धावा! माझा भिवा बुडतोय, धावा!"

ती हाक खाडीवरून पलीकडच्या काठाला जाऊन आली. तिथली गुरं थबकली. आणि अंगणातला एकूण एक बाप्या ताडकन उठला आणि खाडीकडे पळत सुटला. ज्यांनी भिवाला खांदा दिला होता, तेही पळाले. म्हातारा मुखत्यार काठी टाकून पळाला. पार बांधावर पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आता तिथे कुणीच नाही.

ते खाली मान घालून परत आले. चिमा तिथेच उभी होती. ती म्हणाली, "एवढीच हाक लागत होती त्या दिवशी. माझ्यापाशी होती. त्यांच्यापाशीही होती. तुमच्या म्हणीनं आणि या कथांनी ती आम्हा दोघांच्या गळ्यातच पुरली."

मुखत्यारानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि सगळ्यांदेखत तो पोरासारखा हमसून हमसून रडला. त्या गावात बाप्या असा रडलेला कुणी पाहिला नव्हता. कथेकऱ्यानं आपली वीणा कापडात गुंडाळली. पुढल्या साली तो आला, पण वीराची आणि त्याच्या बायकोची ती कथा त्यानं पुन्हा कधी लावली नाही.

त्या गावात पुढे पोर बोलू लागलं की त्याला बांधावर नेत आणि हाक मारायला शिकवत, मुलगा असो की मुलगी. चिमा म्हातारी होईपर्यंत रोज बांधावर जाई, आणि भरती लागली की चिखलात उतरलेल्यांना खणखणीत आवाजात सांगे, पाणी फिरलं, वर या. सगळे वर येत. मग ती थोडा वेळ तशीच थांबे, आणि घरी जाई.

बोध एवढाच: जी रीत बाईला हाक आणि बाप्याला हुंदका गिळायला लावते, ती रीत शेवटी माणूस गिळते.