प्रत्येक पॅकेजला वेगळं घर

"पण बाई, माझ्याकडे चालतं ते सर्व्हरवर का पडतं?"

विचारणारा पराग नार्वेकर. पोरगा हुशार, आणि मिजास त्याहून मोठी. मच्छीमारांच्या होड्यांवर वादळाचा इशारा देणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर त्याचं. संध्याकाळच्या भरतीला होड्या सुटणार होत्या, आणि सर्व्हरवरून सॉफ्टवेअर मिळायची वाट बघत यंत्रं अजून रिकामीच.

खातूबाई त्याच्या गुरू. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या.

"तुझ्याकडे पहिल्या खेपेला चालतं?"

"पहिल्यांदा पडतं. परत चालवलं की होतं!"

"का?"

"...असंच असतं ते. इथे सगळेच परत चालवतात."

अरे वा! म्हणे असंच असतं. सर्व्हर दर खेपेला पाटी पुसून सुरू करतो, त्याला कुठलं आलंय 'परत'?

बाईंनी मेकफाइल उघडली, म्हणजे काय कशातून बांधायचं ते संगणकाला सांगणारी यादी. सगळी पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे सुटे भाग, एकाच फोल्डरमध्ये बांधली जात होती. बाईंनी तो फोल्डरच उडवला.

"अहो बाई!"

त्या शांतपणे लिहीत राहिल्या. प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र फोल्डर, आणि त्यात फक्त त्यानं नाव घेऊन मागितलेलं सामान.

बिल्ड सुरू झालं. नकाशाचं पॅकेज धाडकन पडलं. परागनं परत चालवलं. परत तिथेच पडलं.

"आता तर माझ्याकडेही चालेना! मोडलंत सगळं."

"छान," बाई म्हणाल्या.

"छान काय? माणसं समुद्रात जाणार आहेत, बाई!"

"काय मागतंय ते वाच."

पराग वाचू लागला... आणि थांबला.

नकाशाला रेडिओच्या पॅकेजमधली लायब्ररी हवी होती. मेकफाइलमध्ये तसं कुठे सांगितलेलंच नव्हतं. आजवर रेडिओचं सामान त्याच फोल्डरमध्ये पडलेलं असायचं, नकाशा ते गुपचूप उचलायचा. रेडिओ आधी बांधून झालेला नसला, की नकाशा उताणा. दुसऱ्या खेपेला मागच्या खेपेचा रेडिओ तिथे असायचा, म्हणून चालायचं; सर्व्हरचा फोल्डर मात्र दर वेळी कोरा.

त्यानं एकच ओळ लिहिली. नकाशाला रेडिओ लागतो.

सर्व्हरवर चढवलं. सगळी पॅकेजेस भराभर बांधली गेली, आपापल्या फोल्डरमध्ये... एकही अडखळलं नाही.

"झालं! बाई, पहिल्या फटक्यात झालं!"

पराग खुर्चीवरून उडालाच. सॉफ्टवेअर यंत्रांत पोचलं, भरतीच्या आत शेवटच्या होडीवरच्या यंत्राचा दिवा हिरवा झाला, धक्क्यावर शिट्ट्या घुमल्या. काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

होड्या दिसेनाशा झाल्यावर त्यानं विचारलं, "चूक नकाशात आहे, हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"मला कुठं कळलं होतं रे? म्हणून तर पॅकेजांमध्ये भिंती घातल्या."