चिखलबोडीचे पान

एकदा एका तळ्याच्या नावावरून मोठा वाद झाला. तळे होते पूर्व विदर्भातल्या एका आडगावाजवळ, आणि वाद झाला तो संगणकाच्या पडद्यावर. भांडणाऱ्या माणसांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नव्हती.

हा वाद ज्या ज्ञानकोशात झाला, तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने तिथे लिहावे, दुसऱ्याने ते तपासावे, तिसऱ्याने सुधारावे, असा त्याचा रिवाज. लिहिणाऱ्याला मानधन नाही की मानपत्र नाही. तरीही काही माणसे वर्षानुवर्षे तिथे निष्ठेने लिहीत राहतात. नागपूरचे बोरकुटे गुरुजी त्यांतले एक. शाळेत पस्तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या घरात. नद्या, डोंगर, तळी आणि घाट यांची शेकडो पाने त्यांनी एकट्याने लिहिली होती.

सारंग वैरागडे हा त्यांचा शिष्य. न्यायालयात टंकलेखक होता. चार वर्षांपूर्वी त्याने ज्ञानकोशात पहिले वाक्य लिहिले आणि त्यातली चूक गुरुजींनी सुधारली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो त्यांच्याकडे जाऊन बसे. ज्ञानकोशाचे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते. कोणता नियम कोणत्या पानावर आहे, हे तो झोपेतही सांगू शकला असता. या गोष्टीचा त्याला थोडा अभिमानही होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

एके दिवशी सारंगच्या ध्यानात आले की, ‘रत्नसागर’ नावाच्या तळ्याच्या पानाचे शीर्षक कोणीतरी बदलले आहे. पान गुरुजींनी अकरा वर्षांपूर्वी लिहिलेले. त्याच्या माथ्यावर आता ‘चिखलबोडी’ असे नाव झळकत होते. बदल करणाऱ्या सदस्याचे नाव होते भागरता दिघोरे. तिचे खाते आदल्याच दिवशी उघडलेले.

सारंगने शीर्षक पूर्ववत केले. तासाभराने ते पुन्हा बदलले गेले. त्याने पुन्हा पूर्ववत केले आणि नियमाचा दुवा जोडला. तिसऱ्यांदा नाव बदलून त्या बाईने चर्चापानावर, म्हणजे पानाच्या पाठीमागे जिथे संपादक आपसांत बोलतात तिथे, एक ओळ लिहिली : “तुमी कधी आले होते का जी आमच्या बोडीवर?”

सारंगचा पारा चढला. त्याने तिसऱ्यांदाही शीर्षक पूर्ववत केले. या सदस्याला लिहिण्यापासून रोखावे, असा अर्ज त्याने प्रशासकांसाठी तयार केला आणि पाठवण्यापूर्वी गुरुजींना फोन केला.

“अर्ज राहू दे,” गुरुजी म्हणाले. “नावावर वाद असला की काय करायचं असतं?”

“चर्चा ठेवायची. सात दिवस.”

“मग ठेव. पानाच्या माथ्यावर सूचना लाव, म्हणजे वाचणाऱ्यालाही कळेल. आणि तोवर नावाला कोणी हात लावायचा नाही. तिनंही नाही, आपणही नाही.”

सारंगने चर्चा उघडली. दोन्ही नावे लिहिली आणि आपले मत ‘रत्नसागर’च्या बाजूने नोंदवले. सर्वेक्षणाच्या नकाशात तेच नाव आहे, पर्यटनाच्या पुस्तिकेत तेच आहे, अलीकडच्या चार वर्तमानपत्रांतही तेच आहे. पुरावा भक्कम होता. तरी त्याचे मन भरेना. गुरुजींच्या पानावर कोणी उपटसुंभ येऊन हात टाकतो, ही गोष्टच त्याला सहन होत नव्हती. म्हणून त्याने आणखी एक गोष्ट केली. फोनवर जुन्या संपादकांचा एक गट होता. त्यात त्याने लिहिले, “गुरुजींच्या पानावर प्रसंग आहे. सर्वांनी यावे.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौदा जण आले. ‘गुरुजींनी दिलेले नाव बदलण्याचे कारण नाही.’ ‘पूर्ण सहमत.’ ‘चिखल हा शब्द ज्ञानकोशाला शोभत नाही.’ ‘बोडी म्हणजे लहानसे डबके, एवढ्या मोठ्या जलाशयाला हे नाव हास्यास्पद.’

पलीकडे भागरताबाई एकटी. ती मोबाइलवर लिहीत असावी. वाक्ये तुटक, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. तिने लिहिले :

“बोडी पैले लहान होती, मंग बांध वाढवला, तरी नाव तेच राहिलं. आमी ढीवर लोक. अडतीस घरं या बोडीवर मासे धरते. माह्या पोरीनं शाळेत बोडीवर निबंध लिहिला. मास्तर म्हणे, मी शोधलं, असा तलावच नाही, तू मनानं लिहिलं. पोरगी रडत घरी आली. म्हणून मी हे नाव बदलवलं.”

सारंगने ते वाचले. क्षणभर त्याला कसेसेच झाले. मग त्याने लिहिले, “आपल्या भावना समजल्या. संदर्भ?”

थोड्या वेळाने उत्तर आले : “संदर्भ म्हंजे काय जी?”

सारंगने नियमाच्या पानाचा दुवा चिकटवला. ते पान छापले तर बारा कागद भरले असते. त्यानंतर भागरताबाईचे काहीच आले नाही.

या सगळ्या काळात गुरुजींनी चर्चेत एक अक्षरही लिहिले नव्हते. चौथ्या दिवशी सारंगने दुपारी त्यांना फोन केला, तर तो काकूंनी, गुरुजींच्या पत्नीने, उचलला.

“अरे, ते कालपासून ग्रंथालयातच आहेत. काल सकाळी डबा घेऊन गेले ते दिवेलागणीला आले, आज पुन्हा गेलेत. जुन्या कागदांच्या धुळीनं खोकला लागलाय, पण ऐकतील तर शपथ. तूच सांग त्यांना.”

सारंगला बरे वाटले. गुरुजी स्वतः पुरावे गोळा करताहेत म्हणजे विषयच संपला, असे त्याने मनाशी म्हटले.

सहाव्या दिवशी गुरुजींनी लिहिले. त्यांनी एकामागून एक नऊ संदर्भ दिले होते, प्रत्येकाचे वर्ष आणि पृष्ठक्रमांक. जिल्ह्याचे जुने वर्णनग्रंथ, पाटबंधाऱ्यांचा अहवाल, साठ वर्षांतल्या निरनिराळ्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या, पाणपक्ष्यांवरचा एक शोधनिबंध. सारंगने ते एकेक करून वाचले. नऊच्या नऊ ठिकाणी तळ्याचे नाव होते चिखलबोडी.

खाली गुरुजींनी लिहिले होते :

“‘रत्नसागर’ हे नाव मला एका नकाशाखेरीज कोठेही जुने आढळले नाही. पर्यटनाची पुस्तिका आणि चारही बातम्या या पानानंतरच्या आहेत, आणि त्यांतली वाक्ये या पानातूनच उचललेली आहेत. म्हणजे माझे पान वाचून त्यांनी लिहिले, आणि आता त्यांचे लिखाण दाखवून आपण माझे पान खरे ठरवीत आहोत. श्रीमती दिघोरे यांचे म्हणणे योग्य आहे. शीर्षक ‘चिखलबोडी’ असावे. अकरा वर्षांची ही चूक माझी आहे.”

सारंगला हे कळेना. चौदा मते आपल्या बाजूने असताना, समोरची बाई गप्प झालेली असताना, उद्या चर्चा संपून ‘रत्नसागर’ हेच नाव कायम होणार असताना, या वृद्ध माणसाने चार दिवस धूळ खाऊन स्वतःच्याच विरुद्ध पुरावा गोळा केला! सातव्या दिवशी सकाळी कचेरीत जाण्याआधी तो गुरुजींच्या घरी पोचला. गुरुजी व्हरांड्यात बसून वाफारा घेत होते. त्यांनी डोक्यावरचा टॉवेल बाजूला केला.

“बैस. चहा घेणार?”

“चहा नको. गुरुजी, तुम्ही कोणाच्या बाजूचे आहात?”

“असं का विचारतोस?”

“आपण जिंकत होतो! तिच्याजवळ एकही संदर्भ नव्हता. पुरावा द्यायची जबाबदारी बदल मागणाऱ्याची, हा नियम तुम्हीच मला शिकवलात. तो तिनं पाळला नाही. तिचं काम तुम्ही का केलंत?”

गुरुजींना खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत सारंग उभाच होता. मग ते म्हणाले,

“तिच्याजवळ गोष्ट होती, रीत नव्हती. आपल्याजवळ रीत होती, गोष्ट नव्हती. तिनं विचारलं, संदर्भ म्हणजे काय. तो प्रश्न खरा होता रे. तू तिला बारा कागदांचं पान दिलंस. ज्या बाईचा दिवस पहाटे जाळं काढण्यात जातो, ती ते कधी वाचणार? आणि समजा नाही वाचलं, तर तळ्याचं नाव बदलेल का?”

सारंग समोरच्या खुर्चीत टेकला.

“नियम मी शिकवला, खरं आहे. पण तो कशासाठी आहे, हे सांगायचं राहून गेलं बघ. कोणीही उठून खोटं लिहू नये, म्हणून संदर्भ मागायचा. खरं बोलणाऱ्याला दमवून परत पाठवावं, म्हणून नव्हे. ज्याला वाट ठाऊक आहे त्यानं, नवखा चुकला म्हणून टाळ्या पिटायच्या नसतात, त्याला हात धरून पोचवायचं असतं. मी ग्रंथालयात गेलो तेव्हा काय सापडेल हे मला माहीत नव्हतं. ‘रत्नसागर’ सापडलं असतं, तर तेही असंच लिहिलं असतं.”

“पण ‘चिखलबोडी’, गुरुजी! ऐकायलाही…”

“नाव गोड आहे की ओबडधोबड, हे आपण ठरवायचंच नाही. तो अधिकार तळ्याकाठच्या माणसांचा. आपण एवढंच पाहायचं की, लोक कोणत्या नावानं विचारत येतील आणि भरवशाच्या छापील मजकुरात कोणतं नाव आढळतं. एका लेकरानं खरं नाव लिहिलं आणि माझ्या पानामुळं ते खोटं ठरलं. माझं पान, सारंग. हे वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवेना.”

आतून काकूंनी कपबशा मांडल्याचा आवाज आला.

“आणि ती चौदा मतं,” गुरुजी शांतपणे म्हणाले, “मी पुन्हा पुन्हा वाचली. चौदांतल्या एकानंही या तळ्याविषयी आपण कुठे काय वाचलं, हे सांगितलेलं नाही. सगळ्यांनी माझ्याविषयी लिहिलंय. माझ्यावर लोभ आहे त्यांचा, त्याचा आनंद आहे. पण लोभानं तळ्याचं नाव ठरत नाही.”

ते चौदा जण कसे आले, हे गुरुजींनी विचारले नाही. त्यांना ठाऊक होते की नव्हते, हेही सारंगला कधी कळले नाही. चहा न घेताच तो उठला. बसथांब्यावर उभा असताना एक बस गेली, दुसरी गेली. त्याने खिशातून फोन काढला आणि चर्चापानावर लिहिले :

“वरील चौदा सदस्यांना मी स्वतः फोनवरच्या गटातून बोलावले होते. असे करणे नियमबाह्य आहे, हे मला ठाऊक होते. निर्णय करणाऱ्याने त्या मतांना वजन देऊ नये. दोष त्या सदस्यांचा नाही, माझा आहे. बोरकुटे गुरुजींनी दिलेले संदर्भ वाचून मी माझे मत मागे घेत आहे.”

लिहून झाल्यावर त्याचे बोट बराच वेळ पडद्यावर अधांतरी राहिले. चार वर्षांत जमवलेले नाव या चार ओळींत जाणार, हे त्याला दिसत होते. मग त्याने ते प्रसिद्ध केले. तिसरी बस आली आणि तो तिच्यात चढला.

ज्याने वादात भाग घेतला त्याने निवाडा करू नये, अशीही त्या ज्ञानकोशाची रीत आहे. त्यामुळे चर्चा मिटवायला सोलापूरच्या एक संपादक बाई आल्या. त्यांचा या तळ्याशी, गुरुजींशी वा सारंगशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी सगळे वाचून निर्णय लिहिला : “मते मोजलेली नाहीत, कारणे तोललेली आहेत. पान ‘चिखलबोडी’ या नावावर हलवले आहे. ‘रत्नसागर’ असे शोधणारा वाचकही याच पानावर पोचेल, अशी सोय ठेवली आहे. पहिल्या वाक्यात दोन्ही नावे असावीत.”

चौदांपैकी तिघे सारंगवर रागावले. एकाने तर पुढे कित्येक महिने त्याच्याशी अबोला धरला. सारंगने त्याबद्दल तक्रार केली नाही.

निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी भागरताबाईचा संदेश आला. “नाव झालं बरोबर. पोरीनं मास्तरले दाखवलं. मास्तर वर्गात तिले म्हणे, माह्यीच चूक झाली. पण अजून एक हाये. पानावर लिवलं का या बोडीत नावा चालते. नावा नाही चालत जी, आमी डोंग्यानं जातो. आता यालेही संदर्भ लागंल का?”

सारंगने उत्तर लिहायला घेतले. नेमका नियम त्याच्या जिभेवर होता. त्याने तो लिहिला नाही. त्याने लिहिले : “ताई, संदर्भ म्हणजे एवढंच की, ही गोष्ट कुठे छापून आली आहे ते सांगायचं. वर्तमानपत्र, पुस्तक, तुमच्या मच्छीमार संस्थेवर कोणी लिहिलेला लेख, काहीही चालेल. तुमच्याकडे असं काही असलं तर त्याचा फोटो पाठवा. नसलं तर मी शोधतो. डोंगा म्हणजे एकाच लाकडाचा कोरलेला, तोच ना?”

दुपारनंतर उत्तर आले : “हो तोच. मोहाच्या झाडाचा. माह्या सासऱ्यानं कोरला होता, फोटो पाठवतो. संदर्भाचं आता समजलं जी. इतकं सोपं होतं तर पैले काहून नाही सांगितलं?”

सारंगने तो प्रश्न दोनदा वाचला. त्याला सफाई देता आली असती. त्याने दिली नाही. “चुकलंच, ताई,” एवढेच लिहून तो मोहाच्या डोंग्याविषयी कुठे काही छापले आहे का, हे शोधायला लागला.

आपल्याला जो नियम पाठ आहे, तो ठाऊक नसलेला माणूस समोर उभा राहतो, तेव्हा परीक्षा त्याची नसते, आपली असते.