उशाचा दगड

“मंग, मेला कधी तो?” केवळगिरी बाबांनी विचारलं.

“नऊ हजार वर्षांपूर्वी,” येनूरकर सर म्हणाले. “दोनशे वर्षं इकडे, नाहीतर तिकडे.”

“दोनशे...” बाबा म्हणाले आणि धुनीतलं लाकूड आत सरकवत राहिले.

सरांना ते सरकवणं आवडलं नाही. बारा वर्षं त्यांनी या उत्तराची वाट पाहिली होती. मठामागच्या डोंगरात, चुनखडीच्या गुहेत, त्यांच्याच हाताखाली तो सांगाडा उघडा झाला होता. वय काढायला आधी बाजूचा कोळसा तपासला, तो वादात सापडला. मग दात परदेशी गेले. मागच्या महिन्यात आकडा आला आणि भल्याभल्यांनी मान डोलावली. पुराव्याशिवाय चकार शब्द न काढणारा माणूस अशी सरांची ख्याती होती, आणि ती त्यांना जरा जास्तच प्रिय होती.

“वय किती त्याचं?”

“सोळा-सतरा. अक्कलदाढ वर आली नव्हती.”

“तुह्या शेखरएवढाच.”



ज्या दुपारी गुहेत पहिलं हाड दिसलं, त्याच दुपारी शेखर, त्यांचा एकुलता एक, खाली पैनगंगेवर पोहायला गेला होता. वर कुठेतरी पाऊस झाला आणि लोंढा आला. बोंब उठली तेव्हा सर खड्ड्यात ओणवे होते, हातात ब्रश होता. “आलोच,” म्हणाले. आले ते बऱ्याच वेळानं. पुढे बंधाऱ्यापर्यंत नदी पालथी घातली, पण पोराची चप्पलसुद्धा हाती लागली नाही.

देह न सापडलेल्या माणसासाठी बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. अग्नी बापानं द्यायचा. सरांच्या बायकोनं, कमलताईंनी, पानं आणून ठेवली होती, परवा सर्वपित्री अमावास्या होती, आणि सर काही केल्या ऐकत नव्हते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. शेवटी सोनारानंच कान टोचावेत म्हणून त्या माउलीनं नवऱ्याला बाबांकडे धाडलं. खोदकामाच्या दिवसांत सर मठातच राहत आणि बाबांना गुरू मानत, निदान पंगतीला बसताना तरी.

“फोनवर रडत होती तुही बायको,” बाबा म्हणाले.

“मला माहीत आहे. पण पुरावा नाही, बाबा. हाड नाही, दात नाही. मी त्याला मेला कसा म्हणू?”

“पुतळा कर म्हन्ते ती.”

“पानांच्या पुतळ्याला मी मुलगा म्हणायचं?”

“हाडाच्या पुतळ्याले तर बारा वर्सं म्हनूनच रायला ना तू.”

सरांची मान खाली गेली. विद्यापीठातल्या कपाटात तो सांगाडा खोक्यांत भरून ठेवला होता, आणि विभागातली मुलं त्याला पाठीमागे ‘सरांचा मुलगा’ म्हणत. सरांच्या ते कानावर आलं होतं. त्यांनी कुणाला दटावलं नव्हतं.

“कसा निजला होता तो?” बाबांनी विचारलं. “दाखव मले.”

विषय बदलला म्हणून सरांना हायसं वाटलं. जन्म शिकवण्यात गेलेला. ते सारवलेल्या जमिनीवर सरळ आडवेच झाले.

“डाव्या कुशीवर. गुडघे असे पोटाशी. हात असा तोंडाजवळ. अंगावर गेरू टाकलेला. म्हणजे हा नुसता पडून मेलेला नाही, बाबा. त्याला मागाहून कुणीतरी नीट ठेवलंय.”

“कोनं?”

“घरच्यांनीच. बापानं असेल... आईनं असेल.”

“कायच्यावरून?”

“डोक्याखाली चपटा दगड होता. उशाला दिलेला.”

बाबा उठून अंगणात गेले. येताना एक चपटा दगड घेऊन आले. अंगावरच्या छाटीच्या टोकानं त्यांनी तो पुसला, खाली बसून एका हातानं सरांचं डोकं उचललं, आणि दगड उशाला सरकवला.

सर उठायला गेले, पण त्यांच्यानं उठवलं नाही.

नऊ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे केलं होतं, असंच, पोराची मान अवघडू नये म्हणून. मेलेल्या पोराची मान... आणि शेखरची मान कुठल्या दगडाला टेकली, कुठल्या गाळात रुतली, हे त्यांना मरेपर्यंत कळणार नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणतात. सरांचं बारा वर्षं जळत होतं आणि ते दुसऱ्याच्या कोळशाचं वय काढत बसले होते. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं आणि दगडावर पडलं.

बाबा शेजारी बसून राहिले.

“बाबा.”

“बोल.”

“मी अग्नी दिला... आणि उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर?”

बाबांनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

“त्या रोजी गुहेतल्या पोराचाबी बाप उठून येईल, मास्तर... त्याले काय दाखवशीन, खोके?”